जेवणाआधीची लांब प्रार्थना

आपलं पिस्तूल कुठे आहे हे ट्रुडी हॅगार्डला आठवलं तेव्हा ती कारखान्यात पेकनच्या, म्हणजे अक्रोडासारख्या सुक्या मेव्याच्या, वड्यांच्या डब्यांना झाकणं लावत होती. पिस्तूल गाडीत नव्हतं, घरातल्या खणातही नव्हतं. ते होतं कॅसरोलच्या, म्हणजे ओव्हनमधून काढलेलं गरम भांडं न्यायच्या, पिशवीत, आणि पिशवी होती कारखान्याच्या जेवणघरात, सगळ्यांच्या नाकासमोर.

झालं होतं ते असं. बुधवारी संध्याकाळी चर्चमध्ये सगळ्यांनी पदार्थ घेऊन जेवायला जमायचं. गरम भांडं दोन्ही हातांनी सांभाळायचं तर पर्स कुठे मिरवणार? मग पर्समधलं पिस्तूल जातं पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात, जो खरं तर वाढायच्या डावासाठी शिवलेला असतो. टेक्सासातल्या त्या गावात याचं कुणालाच काही वाटत नाही. चष्मा, किल्ल्या, पिस्तूल, चला निघू. आज, गुरुवारी, कारखान्यातही जेवण होतं, म्हणून ट्रुडीने सकाळी त्याच पिशवीत नवं भांडं ठेवलं आणि कामावर आली. कप्प्याकडे बघितलंसुद्धा नाही.

कारखान्यात मात्र हत्यारबंदी होती. मालक बदलले आणि नवा नियम आला. हत्यार गाडीत ठेवायचं, आत सापडलं तर त्याच क्षणी नोकरी गेली. मग माणूस काल लागलेला असो की ट्रुडीसारखा इथेच केस पिकलेला. तेव्हापासून रोज सकाळी पार्किंगमध्ये, देवळाबाहेर चपला काढाव्यात तशी लोक कमरेची पिस्तुलं काढून ठेवत.

नियम राबवायला आली होती लिनेट फॅरो, ओहायोहून बदलून आलेली तरुण मॅनेजर. पहिल्या सभेत लोक कुरकुरले तेव्हा ती शांतपणे म्हणाली होती, "माझ्या आधीच्या कारखान्यात दोन मित्रांचं फ्रिजमधल्या डब्यावरून वाजलं. राग जेवण होईपर्यंत उतरला असता. पण एकाच्या खिशात पिस्तूल होतं." ट्रुडीला ते मनापासून पटलं. ती उठून म्हणाली, "मॅडम, आमच्या माणसांची हमी माझी." टाळ्यासुद्धा पडल्या होत्या. आता त्या टाळ्या तिला आठवल्या. नवऱ्यामागे तिला होतं काय? हा कारखाना, ही पॅकिंगची खोली आणि इथली भांडकुदळ, गोड माणसं. ते गेलं तर दिवसभर मांजराशी बोलत बसायचं.

ती जेवणघरात धावली. लांब टेबलावर पिशव्याच पिशव्या, आणि सगळ्या निळ्या चौकडीच्या. चर्चच्या शिवणमंडळाने एकाच ताग्यातून शिवल्या होत्या, आणि मंडळाची अध्यक्ष होती खुद्द ट्रुडी. कापड स्वस्त पडतं म्हणून तिनेच हट्ट धरला होता. तिने स्वतःला मनातल्या मनात दोन शिव्या हासडल्या आणि पहिला कप्पा चाचपला. कडक लागलं. तिने देवाचे आभार मानत बोटभर बाहेर ओढलं.

काळी मूठ. तिची तर गुलाबी होती.

तिने ते परत आत ढकललं. पुढच्या पिशवीत डाव निघाला. त्याच्या पुढचीत पुन्हा पिस्तूल, तेही तिचं नव्हे. ट्रुडीला भीती वाटायच्या ऐवजी हसूच यायला लागलं. अख्खं गाव काल चर्चला जेवलं होतं आणि अख्खं गाव विसरलं होतं.

"मिस ट्रुडी, प्रार्थनेआधी दुसऱ्यांच्या पिशव्या चाचपता?" दारातून होलिसचा आवाज आला. वडीलधाऱ्या बाईला, लग्न झालेली असली तरी, तिथे आदराने 'मिस'च म्हणतात. हा भट्टीवरचा ढेरपोट्या, जिथे पदार्थ तिथे तो. "वरचा बघतोय हो."

"वरच्याचं सोड. तुझ्या बायकोने काल चर्चला कुठली पिशवी नेली होती?"

"आज मी आणली तीच की. का?" होलिस हसत होता. मग हळूहळू त्याचं हसू मावळलं. "अरे देवा. माझं पिस्तूल तिच्याकडेच दिलं होतं मी."

"शोध आता."

"यातली कुठली माझी?"

"तेच तर रडगाणं आहे ना."

तेवढ्यात जेवणाची घंटा झाली. माणसं आत शिरली, आणि सगळ्यांच्या पुढे लिनेट फॅरो, नवा कोरा एप्रन बांधून, गाल लाल झालेले. हे जेवण तिनेच ठरवलं होतं. या लोकांनी आपल्याला आपलं म्हणावं एवढीच तिची धडपड होती.

"आज कुणी हलायचं नाही. पिशव्या मी उघडणार, वाढणारही मीच," असं म्हणून तिने पहिल्या पिशवीला हात घातला.

"मॅडम, प्रार्थनेआधी?" ट्रुडी इतक्या जोरात म्हणाली की लिनेटने चटका बसल्यासारखा हात मागे घेतला.

"चुकलंच माझं. तुम्हीच म्हणा ना, मिस ट्रुडी. थोडक्यात."

माना खाली गेल्या, लिनेटसकट सगळ्यांचे डोळे मिटले. त्या गावात प्रार्थना चालू असताना डोळे उघडणारा माणूस अजून जन्मायचा होता.

"हे परमेश्वरा," ट्रुडीने सुरुवात केली, "या अन्नाबद्दल तुझे आभार. तुला सगळं दिसतं. काल चर्चमधून येताना कुणाच्या पिशवीच्या कप्प्यात काय राहून गेलं, तेही तुला दिसतंय."

कुठेतरी कुणीतरी श्वास ओढला.

"तुझी लेकरं विसराळू आहेत, पण वाईट नाहीत. ज्याला आपलं ओझं आठवलं असेल त्याने ते आत्ता, हळूच, उचलून गाडीत नेऊन ठेवावं, अशी त्याला बुद्धी दे. मी घाईत नाही, प्रभू. होलिसच्या गुडघ्याला आराम पडू दे. भट्टीला चांगली धग दे."

लिनेट सोडून एकेकाचा डोळा किलकिला झाला. खुर्च्या सरकल्या. कप्प्यांच्या चेन करकरल्या. "ते माझं आहे," कुणीतरी कुजबुजलं. "मग हे घे की." दार उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. ट्रुडीने पेकनच्या झाडांसाठी प्रार्थना केली, मग खारींसाठी, मग खारींपासून पेकन वाचावेत म्हणून. ओहायोसाठीसुद्धा केली. बाहेर गाड्यांची दारं धडाधड लागत होती. अखेर धापा टाकत सगळे परतले आणि तिचे शब्दच संपले.

"आमेन."

डोळे उघडले. कप्पे सपाट झाले होते. फक्त टेबलाच्या टोकाची एक पिशवी फुगलेली होती. प्रार्थना म्हणणाऱ्याला जागा सोडता येत नाही, हे ट्रुडी विसरलीच होती.

लिनेट त्याच पिशवीपाशी उभी होती. तिने कप्प्याकडे पाहिलं, मग ट्रुडीकडे. ट्रुडीने मान खाली घातली. खोटं बोलायचं नाही हे तिचं ठरलं. ती म्हणाली, "मॅडम, ती पिशवी माझी."

होलिसने हातातली ताटली खाली ठेवली.

"माझे वडील पाद्री होते," लिनेट म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "एका प्रार्थनेवर त्यांचं कधीच भागायचं नाही. सगळ्यांनी डोळे मिटा. आता मी म्हणते. माझीही लांब आहे."

तिने स्वतः घट्ट डोळे मिटले. "हे परमेश्वरा, ज्या बाईने सगळ्यांची हमी घेतली, तिच्या पायांना आत्ता जोर दे."

ट्रुडीने पिशवी उचलली, भांड्यासकट, आणि इतक्या वर्षांत धावली नव्हती तशी धावली. पार्किंगमध्ये किल्ली कुलपात जाईना, इतकी ती हसत होती, आणि इतकी रडत होती. परत आली तेव्हा लिनेट खारींपर्यंत पोचली होती. ट्रुडीने कॅसरोल टेबलावर ठेवला, हात जोडले आणि सगळ्यांत मोठ्याने आमेन म्हटलं.