फळीवर नसलेला बिल्ला

तुम्ही माझ्या भावाला बर्फावर टाकून निघून गेलात. विसरलात असं मी म्हणणार नाही. विसरायला आधी मोजावं लागतं, आणि तुम्ही त्याला मोजलंच नव्हतं.

तुमच्या जहाजावर मी भांडी घासायचो आणि दादा पाव भाजायचा. वर काचेच्या भिंती, मऊ खुर्च्या, गळ्यात दुर्बिणी अडकवलेले पाहुणे. खाली आम्ही. किचनला खिडकी नव्हती. हिमनग जवळून गेला की वरच्या ओरड्यावरून आम्हाला कळायचं. दादा पीठ मळता मळता मान वर करायचा. "हा मोठा असणार. बघ, म्हातारेसुद्धा ओरडले."

किनाऱ्यावर उतरायचे तुमचे नियम कडक. पाहुण्यांचे बूट औषधाच्या पाण्यात बुडवून घासायचे, खिसे व्हॅक्यूमने साफ करायचे. बाहेरचं एक बीसुद्धा त्या जमिनीवर पडता कामा नये. आणि परत येताना तिथे काही म्हणजे काही मागे राहता कामा नये, डोक्याची पिनसुद्धा नाही. मग दारापाशी ती फळी. खिळ्यांना टांगलेले नंबरचे बिल्ले. उतरताना आपला बिल्ला लाल बाजूला फिरवायचा, परत आलं की पांढऱ्या. फळी सगळी पांढरी झाल्याशिवाय जहाज जागचं हलत नाही, हे तुम्ही पहिल्याच दिवशी माईकवर छाती फुगवून सांगता.

कामगारांचे बिल्ले त्या फळीवर नव्हते. कामगार उतरतच नाहीत, मग बिल्ला कशाला?

त्या दिवशी हवा चांगली होती आणि तुमच्यापैकी कुणाला तरी आमची दया आली. पाहुण्यांचं फिरणं संपत आलं तसा खाली निरोप आला, की किचनमध्ये ज्यांचं काम उरकलंय त्यांनी पटकन पेंग्विन बघून यावं. दादा इतकी वर्षं त्या मुलखात जात होता, पण बर्फाला त्याचा पाय कधी लागला नव्हता.

"चल," तो मला म्हणाला.

"आणि या कढया कोण घासणार? तुझा सासरा?"

"माझ्या सासऱ्याने आयुष्यात स्वतःची बशी विसळलेली नाही. बस मग घासत. पीठ भिजवलंय, ते फुगेपर्यंत आलोच. पोरीला पेंग्विन चालताना दाखवायचाय. ती म्हणते, बाबा, तू तिथेच असतोस तर तुझ्याकडे एक पण व्हिडिओ कसा नाही?"

दारापाशी त्याचे बूट घासत होते तेव्हा तो जिन्यावरून खाली ओरडला, "अरे, एवढी तर माझी लग्नातसुद्धा आंघोळ झाली नव्हती!"

सगळे हसले. मीही हसलो.

किचनची माणसं दोन रबरी होड्यांमधून परत आली. पहिल्या होडीतल्यांना वाटलं तो दुसरीत आहे, दुसरीतल्यांना वाटलं पहिलीतून गेला. होडीवाल्याने किनाऱ्यावरून वॉकीटॉकीवर विचारलं, "फळी?" दारावरचा अधिकारी म्हणाला, "पांढरी." झालं. शेवटची होडी वर ओढली, नांगर उचलला, आणि खाडीच्या तोंडाशी देवमासा दिसलाय म्हणून जहाज तिकडे निघालं.

मला कळलं ते पिठामुळे. पीठ घमेल्याच्या बाहेर आलं होतं. कडेवरून ओघळून ओट्यावर पसरलं होतं. दादा पिठाला असं कधी सोडत नाही. मी आमची खोली बघितली, संडास बघितला, कोठार बघितलं, मग टोपीकडे गेलो. टोपी म्हणजे आमचा मोठा शेफ.

"झोपला असेल कुठेतरी," टोपी म्हणाला. "उठव त्याला. जेवणाला पाव नाही मिळाला तर माझी हजामत होईल."

"शेफ, तो जहाजावर नाहीये."

"फळी पांढरी होती."

"त्याचा बिल्लाच नाहीये फळीवर! कुणाचाच नाहीये आपला!"

टोपीने माझ्याकडे बघितलं. मग ओट्यावरच्या पिठाकडे बघितलं. "वर जा," तो म्हणाला. "पळ. आणि अ‍ॅप्रन काढून जा."

वरच्या डेकवर मी त्याआधी कधी गेलो नव्हतो. इंजिन बंद होतं. सगळे पाहुणे एकाच बाजूच्या कठड्याला चिकटून उभे होते आणि कुणी चकार शब्द काढत नव्हतं. खाली पाण्यात देवमाशाची मादी होती, शेजारी पिल्लू. ती श्वास सोडायची तेवढाच आवाज. तुमचा सफरप्रमुख पुढे उभा होता. मी त्याच्या बाहीला हात लावला.

"साहेब, माझा भाऊ किनाऱ्यावर राहिलाय."

त्याने ओठांवर बोट ठेवलं. मग कुजबुजला, "कोण?"

"पाववाला."

"फळी बघितलीस?"

"आमचे बिल्ले नसतात साहेब. जहाज वळवा."

"इंजिन चालू करता येणार नाही. पिल्लू जहाजाच्या पंख्याजवळ आहे, नियम आहे. ती बाजूला झाली की बघू."

"मग होडी सोडा."

"होडीसुद्धा नाही. हळू बोल."

"साहेब, वारा सुटलाय..."

"श्श," बाजूची एक म्हातारी पाहुणी म्हणाली. बाई वाईट नव्हती. तिने माझा हात धरला. "घाबरेल रे ती, बाळा. ये, तूही बघ." आणि आपली दुर्बीण माझ्या हातात दिली.

मी बघितलं. मादीचा डोळा दिसला. पिल्लू तिच्या पाठीवर चढल्यासारखं करत होतं. मला काहीही वाटलं नाही. मग मी दुर्बीण किनाऱ्याकडे वळवली. तिथे किनारा नव्हता. पांढरं काहीतरी आडवं उडत होतं. मी दुर्बीण बाईला परत दिली, थँक्यू म्हणालो.

तू ओरडला का नाहीस, असं मला नंतर नातेवाइकांनी विचारलं. काय सांगू? सगळे गप्प होते. तिथे ओरडता येईल असं वाटतच नव्हतं.

मादी तिच्या सवडीने गेली. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मग जहाज वळलं.

होडीत मला घेतलं नाही. मी दारापाशी फळीसमोर उभा राहिलो. सगळे बिल्ले पांढरे होते, एका रांगेत, नीट. त्यांनी दादाला आणलं तेव्हा तो बसल्यासारखाच होता, गुडघे पोटाशी घेऊन. होडीवाला म्हणाला, पेंग्विनच्या वाटेवर सापडला, पेंग्विन त्याला वळसा घालून जात होते. डॉक्टर आला. त्याने दादाच्या गळ्याला हात लावला आणि काढून घेतला. तेवढ्यात दारावरच्या एकाने सवयीने दादाचे बूट औषधाच्या बादलीत बुडवले आणि ब्रशने घासायला लागला. एक बूट घासून झाला, मग त्याच्या लक्षात आलं. मला तेव्हा वाटलं, दुसराही घासून टाकावा, अर्धवट कशाला.

पुढे काय झालं ते तुम्हाला माहीत नसेल. मी खाली गेलो. टोपी ओट्यापासून बाजूला झाला. मी ते ओघळलेलं पीठ गोळा केलं, परत मळलं आणि पाव लावले. दादा लावायचा तसेच. जेवताना तुम्ही माईकवर म्हणालात की आपण नशीबवान आहोत, देवमासा जहाजाजवळ इतका वेळ सहसा राहत नाही. दादाचं नाव तुम्ही घेतलं नाही. पाहुण्यांची सुट्टी खराब झाली असती. पावाच्या टोपल्या रिकाम्या होऊन परत आल्या.

मग तुमचा माणूस घरी आला. कडक इस्त्रीचा सूट. आमच्या एका खोलीत त्याला गुडघे कुठे ठेवायचे कळेना. वहिनी त्याच्यासमोर बसली, पोरगी तिच्या पाठीशी.

"ते स्वतःहून किनाऱ्यावरच्या हद्दीच्या झेंड्यांपलीकडे गेले होते," तो म्हणाला. "आम्हाला कळल्याबरोबर आम्ही लगेच कारवाई केली."

"लगेच म्हणजे?" वहिनीने विचारलं.

तो कप बाजूला सरकवून उठला. चहा तसाच ठेवून गेला. दादाची पिशवी देऊन गेला, तिच्यात फोन होता.

फोन चार्ज करून वहिनीने व्हिडिओ लावला. पेंग्विन चालतोय, पडतोय, उठतोय. दादाचा आवाज, "बघ गं, तुझे आजोबा चाललेत!" पोरगी हसली. मग दुसरा व्हिडिओ आला. त्यात पेंग्विन नव्हता. वाऱ्याचा आवाज, आणि लांब खाडीच्या तोंडाशी तुमचं जहाज. हात हलतोय त्यामुळे चित्र हलतंय. दादा म्हणतोय, "घाबरलो होतो गं थोडा. पण थांबलंय बघ जहाज. कळलं त्यांना. आता येतील."

पोरगी तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा लावते. वहिनी रडत नाही. ओट्याशी उभी असते, गॅस पेटवते आणि बंद करते. काल मला म्हणाली, "भावजी, जहाज थांबलं होतं ना? ह्यांना किनाऱ्यावरून दिसत होतं ना ते? मग इतका वेळ कुणी आलं का नाही?"

मी म्हणालो, विचारून सांगतो.

म्हणून विचारतोय. झेंड्यांचं सांगू नका, वाऱ्याचं सांगू नका. मी तुमच्या माणसाची बाही धरून सांगितल्यावर, माझा भाऊ किनाऱ्यावरून त्या जहाजाकडे बघत असताना, तुम्ही किती वेळ देवमासा बघत उभे होतात? वहिनी समोर बसली आहे. बोला.