विमानातला ऊद

इस्लामपूरहून पहाटे निघून, जीपमध्ये अंग मोडून घेऊन तिघंजण पुण्याला विमानात बसले, ते बेंगळुरूला काही काम होतं म्हणून नव्हे. विमान संयोगिता चालवणार होती म्हणून. संयोगिता म्हणजे जोतीराम आणि शालूबाई यांची थोरली लेक. तिसरा नाथाजी, शेजारी. त्याचे दोन ट्रॅक्टर होते. एवढं मोठं वाहन बाईमाणसाच्या हातात असताना सोबत कुणीतरी जाणकार असावा, असं त्याचं त्यालाच वाटलं होतं.

खाली उसाच्या फडांतून वळणं घेत सांगलीकडे निघालेली कृष्णा दिसली. शालूबाईंनी हात जोडले. हात जोडलेले असतानाच वास आला. पुढच्या, वैमानिकांच्या दाराच्या फटीतून निळसर धुराची एक बट बाहेर पडत होती.

"ऊद घातला बघा पोरीनं," शालूबाई कौतुकानं म्हणाल्या.

"घालाय पायजेच," नाथाजी म्हणाला. "मी उदबत्ती ओवाळल्याबिगार ट्रॅक्टरचं चाक हलवत न्हाई. पर वैनी, ही पूजा निघायच्या आधी असती. निम्म्या वाटंत कवा कोन करतं व्हय?"

"इसरली आसंल. घाईची नोकरी हाय तिची."

"आन् ऊद लय भेसळीचा दिसतोय."

फौजेत जोतीरामांची सगळी नोकरी वायरलेसच्या पेट्यांशेजारी गेली होती. जळकी वायर त्यांना झोपेतही ओळखू आली असती. ती आता दारापलीकडे जळत होती, आणि दारापलीकडे लेक होती.

"आवं, ऊदच हाय न्हवं?" शालूबाईंनी नवऱ्याला विचारलं.

"व्हय. ऊदच."

तेवढ्यात छतातून संयोगिताचा आवाज आला. घागरीत तोंड घालून बोलावं तसा, मध्येमध्ये श्वासाची घरघर. इंग्रजी झालं, हिंदी झालं, मग मराठी: कॉकपिटमध्ये धूर झाला आहे, आपण कोल्हापूरला उतरत आहोत, पट्टे घट्ट आवळा.

"सर्दी झालीया तिला," शालूबाई म्हणाल्या.

"ऊद घातल्यावर धूर व्हनारच की," नाथाजी म्हणाला. "त्यात सांगायचं काय?"

"आवं, पन कोल्हापूर म्हनली! आंबाबाईला न्हेती आपल्याला. तरीच म्हनलं, ऊद कशापायी!"

मागच्या रांगांत रडारड सुरू झाली. कुणी फोनमध्ये घरच्यांसाठी निरोप बोलून ठेवू लागलं. हवाई सुंदरीनं सगळ्यांना या तिघांकडे बोट करून दाखवलं, की बघा, असं शांत बसायचं. शालूबाईंचे हात अजून जोडलेले होते. जोतीरामांनीही आपले जोडले.

विमान खाली जात राहिलं. धुरात तिला समोरचं दिसत असेल का, एवढाच प्रश्न जोतीरामांच्या डोक्यात होता. आणि मग उतरंडीवर गाडगं ठेवावं तितक्या अलगद विमान जमिनीवर टेकलं. एवढं लोखंड, एवढी माणसं, आणि धक्का म्हणाल तर नाहीच.

दारं उघडली, घसरगुंड्या फुगल्या. शालूबाई लुगडं सावरत घसरत गेल्या आणि गवतात बसल्या.

"आसली पायरी कुठल्याच देवळाला न्हाई," पाठोपाठ येऊन पडलेला नाथाजी म्हणाला.

आगीचे बंब आले. प्रवासी उतरले, हवाई सुंदऱ्या उतरल्या, दुसरा पायलटही उतरला. संयोगिता उतरली नाही. जोतीराम उघड्या दाराकडे बघत उभे होते. शालूबाईंनी नवऱ्याचा चेहरा बघितला.

"ऊद न्हवता," त्या म्हणाल्या.

"न्हवता."

नाथाजी खाली बसला. आता ट्रॅक्टरचं काही बोलावं असं त्याला वाटेना.

मग दारात ती दिसली. आत कुणी राहिलं का, हे शेवटच्या रांगेपर्यंत बघून आली होती. घसरून उतरली आणि यांच्याकडे चालत आली. डोळे लाल, नाकातोंडाभोवती ऑक्सिजनच्या मास्कचा खोल वळ.

तिला जन्मापासून 'ए पोरी' म्हणणारे जोतीराम चपला सोडून उभे राहिले होते. त्यांनी तोंड उघडलं, पण नेहमीचा शब्द काही येईना.

"तुमी," ते म्हणाले, "तुमी बसा जरा."

संयोगितानं मागं वळून बघितलं. मागं कुणीच नव्हतं.

"आबा, कुणाला म्हणताय?"

"तुमालाच," जोतीराम म्हणाले.