पांढरा पट्टा

कबड्डी शिकवणाऱ्या जेबा मॅडमनी लॅपटॉप खुर्चीवर ठेवला आणि सृष्टीच्या बापाकडं, व्यंकटकडं वळवला. कबड्डीच्या मैदानाचा नकाशा होता. त्यावर रंग सांडल्यासारखे दिसत होते.

"सृष्टी चढाईला जिथं जास्त वावरते, तिथं लाल. कमी तिथं पिवळं. जिथं जातच न्हाई, ते पांढरं."

एका कडेला लांबलचक पांढरा पट्टा होता.

"मला वाटलं, पाय दुखतो. पण बाजू बदलली की पट्टा डावीकडचा उजवीकडं जातो. काका, उद्या निवड हाय. एका अंगानं खेळणारी पोरगी पाठवू कशी?"

निवड झाली नाही तर खेळ सोडून नुसता मेडिकलचा क्लास, असं सृष्टीनं स्वतःच घरी कबूल केलं होतं.

व्यंकटनं समोर बघितलं. पोरींचा सराव चालू होता. मॅटच्या एका कडेला हॉलची जुनी दगडी भिंत होती. पट्टा तिथलाच.

"पाय न्हाई दुखत तिचा," तो म्हणाला.

भूकंपाच्या रात्री त्याची थोरली, नागू, भिंतीकडंला निजली होती; भिंत तिच्यावरच आली. सृष्टी पुढं बऱ्याच वर्षांनी झाली. रांगायला लागल्यापासून तिला घरात एकच ऐकू यायचं: भिंतीला सोड. जेवताना, निजताना, पाटी घेऊन बसताना. पुनर्वसनातलं घर पक्कं होतं, तरी खाटा अंगणातच पडायच्या. लातूरच्या खोलीवरही तिची गादी मधोमध असायची. "आल्या राणीसरकार, वाट सोडा," मैत्रिणी चिडवायच्या.

व्यंकटनं चपला काढल्या. मॅटला वळसा घालून तो भिंतीशी गेला, खाली बसला आणि त्यानं पाठ टेकली. दगड गार होता. भूकंपानंतर तो पहिल्यांदाच भिंतीला टेकला होता.

सृष्टी चढाईला निघाली होती. "कबड्डी, कबड्डी..." तिनं त्याला बघितलं आणि तिचा दम तुटला.

"बाळा, इकडून ये!" तो ओरडला. "काय होत न्हाई इथं."

ती सरळ त्याच्याकडं पळत सुटली. कोपऱ्यातल्या पोरी धरायच्याच विसरल्या. मॅडमची शिट्टी ओठापर्यंत येऊन थांबली. पांढरा पट्टा तुडवत सृष्टी मॅटच्या बाहेर आली आणि तिनं बापाचं मनगट दोन्ही हातांनी धरलं.

"आप्पा, भिंतीला सोडा," ती म्हणाली. "आधी उठा."