चमचाभर विरजण

"काकू, विरजण द्या ना जरा. आज पण दही लागलंच नाही!"

कौशल्या वाटी घेऊन दारात उभी. तरसालीतल्या त्या इमारतीत निरुपमाबाईंची बेल वाजायची ती संध्याकाळी, तीही समोरच्या घरातल्या या मुलीमुळेच. यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा कॅनडात. कौशल्या विरजण घ्यायला यायची आणि सोफ्यावर बसून आपल्या गुजराती वळणाच्या मराठीत सासूच्या, नवऱ्याच्या, बंद पडलेल्या लिफ्टच्या तक्रारी करायची. तेवढ्यासाठी बाई दुपारपासून केस विंचरून बसायच्या.

बाईंनी जन्मभर कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलं. निवृत्तीनंतर साध्या माणसांसाठी विज्ञान लिहायचं त्यांच्या मनाने घेतलं आणि दह्यावरचा एक भारदस्त लेख घेऊन त्या दांडिया बाजारात गोविंदरावांकडे गेल्या. गोविंदराव तिथल्या मराठी मंडळाच्या त्रैमासिकाचे संपादक. माणूस भिडेखातर गोड बोलणारा नव्हे.

"बाई, दुसऱ्या परिच्छेदात मला डुलकी लागली. असं करा, एकच माणूस डोळ्यांसमोर ठेवा. त्याला कळेल असं लिहा."

एकच माणूस! बाईंकडे दुसरं होतं तरी कोण?

त्या संध्याकाळी त्यांनी कौशल्याला विचारलं, "तू विरजण लावतेस कसं ग?"

"कसं म्हणजे? दूध उकळलं की गॅस बंद, चमचाभर विरजण घालायचं नि झाकण. उभं कोण राहणार, काकू? सगळी रसोई बाकी असते."

बाई हसल्या. ही मुलगी रोज त्यांचं विरजण इमानेइतबारे उकळत्या दुधात मारत होती. आणि सूक्ष्मजीवशास्त्राच्या बाईंना आजवर हे विचारावंसं वाटलं नव्हतं. का वाटलं नव्हतं, ते त्यांना पक्कं ठाऊक होतं.

लेख या वेळी झरझर उतरला. 'दही लावणारे जीव आपल्यासारखेच असतात. कोमट दुधात सुखाने वाढतात, उकळत्यात मरतात. दुधात करंगळी बुडवा. चटका न बसता नुसती ऊब लागली, की विरजण घाला.' आता एकच वाक्य राहिलं होतं. तिथे पेन अडलं. बाई उठल्या, चहा केला, गार होऊ दिला. ते वाक्य गाळलं असतं तर गोविंदरावांना पत्ता लागला नसता. पण अर्धवट शिकवून वर्गातून बाहेर पडायची सवय त्यांना नव्हती. त्यांनी लिहिलं, 'लागलेल्या दह्यातलं चमचाभर उद्यासाठी बाजूला ठेवा. मग कुणाकडे मागायला जावं लागत नाही.'

अंक आला तसा बाईंनी स्वतःच कौशल्याला नेऊन दिला. दुसऱ्याच दिवशी ती नाचत आली. वाटीत दही, सुरी फिरवली तर वडी पडेल असं.

"काकू, जमलं! इतकं सहेलं होतं? सगळं कळलं बघा. आता रोज रोज तुम्हाला हेरान नाही करणार. चला, आवजो!"

बसली नाही. दही दाखवायला आणखी दोन घरं होती.

गोविंदरावांचा फोन आला, "फक्कड! पुढचा लेख कधी?" बाईंना आनंद झाला, खरंच झाला. सांगायला मात्र कुणी नव्हतं.

संध्याकाळ झाली तसं सवयीने त्यांनी वाटीत विरजण काढलं आणि टीपॉयवर ठेवलं. समोरच्या घरातून कुकरच्या शिट्ट्या, कौशल्याचं हसणं ऐकू येत होतं. दिवेलागण झाली. बाईंनी वाटीत साखर घातली आणि दाराकडे तोंड करून, चमच्याचमच्याने ते दही खाल्लं. चांगलं लागलं होतं.