डॉक्टरांचा कागद

"अहो, स्वतःचा शर्ट घालताय की कुणाचा चोरताय?"

बायकोने विचारलं तेव्हा पोस्टमास्तर आरशाकडे पाठ करून, डोळे घट्ट मिटून, नुसत्या डाव्या हाताने शर्टाची बटणं लावत होते. उजवा हात मोह पडू नये म्हणून खिशात कोंबलेला होता.

"चौदा," ते म्हणाले.

"काय चौदा?"

"चौदाव्यांदा लावतोय. वीस करायचेत. गोल्फचा व्यायाम आहे."

"आता बटणांनी खेळणार का गोल्फ? आणि माझे भिजवायला काढलेले चणे कुठायत?"

चणे टेबलावर होते. डाव्या चिमटीने एकेक उचलून या वाटीतून त्या वाटीत टाकायचा, हा व्यायाम क्रमांक दोन. क्रमांक तीनचा टॉवेल पिळून पिळून न्हाणीघरात पडला होता. बायकोने कपाळाला हात लावला आणि निम्मे चणे उचलून नेले.

मास्तरांना निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, पण त्यांची शनिवार सकाळ नोकरीत असल्यापासून दातांच्या डॉक्टरांच्या नावावर होती. दोघं गोल्फ खेळायचे आणि हरणाऱ्याने पुढच्या शनिवारी जिंकणाऱ्याच्या काठ्यांची गाडी ओढायची, असा दोघांचा कायदा होता. बावीस वर्षं गाडी ओढली ती डॉक्टरांनी. मास्तरांना त्याची इतकी सवय झाली होती, की गाडी आपोआप चालते असंच त्यांना वाटायचं.

मग डॉक्टरांनी एकाएकी दवाखाना बंद केला. "लोकांची तोंडं बघून कंटाळलो," म्हणाले. मैदानाशेजारी नव्याने आलेल्या व्यायामाच्या बाईंकडे जायला लागले आणि लागोपाठ तीन शनिवार जिंकले. तीन शनिवार मास्तरांनी गाडी ओढली. तिचं एक चाक कुरकुरतं हे त्यांना तेव्हा कळलं.

तेही बाईंकडे गेले. बाईंनी त्यांना वाकवलं, वळवलं, एका पायावर उभं केलं, सगळं लिहून घेतलं.

"काका, तुमची कंबर वळतच नाही. तिचं काम पाठीला करावं लागतंय. असंच चालू ठेवलंत तर एक दिवस पाठ धरेल. दोन महिने फटका अर्धाच मारायचा."

बाईंनी दिलेल्या व्यायामाच्या कागदावर काय, तर जमिनीवर पडून गुडघे डावीकडे, गुडघे उजवीकडे. खुर्चीत बसून खांदे वळवणे. पाळण्यातलं मूलसुद्धा याहून जास्त करतं, असं मास्तरांना वाटलं. डॉक्टरला खरी विद्या दिली आणि आपल्या तोंडाला पानं पुसली!

चौतीस वर्षांच्या नोकरीत मास्तरांनी दुसऱ्याचं पत्र कधी फोडलं नव्हतं. उघडं पोस्टकार्डसुद्धा ते पालथं धरून पुढे द्यायचे. तो माणूस एका शनिवारी कपडे बदलायच्या खोलीत डॉक्टरांच्या पिशवीतून कागद काढून चोरासारखा उतरवून घेत बसला. वर डॉक्टरांचं नाव होतं. खाली तांबड्या शाईत लिहिलं होतं, 'ज्याचा त्यानेच करावा.' मास्तरांनी तेवढी ओळ सोडून बाकीचं वळणदार अक्षरात लिहून घेतलं. चौथं कलम होतं, 'काठी अगदी हलकी धरणे, जोर अजिबात नाही.' ते पटलं नाही म्हणून गाळलं.

तीन आठवडे बटणं, चणे आणि टॉवेल. स्वतःच्या कागदावर मास्तर चहाचा कप ठेवत होते.

पुढच्या शनिवारी डॉक्टरांनी पहिला फटका मारला. सावकाश, अंगणात सडा टाकावा तसा. चेंडू सरळ गेला आणि मधोमध बसला.

"बघ आता," मास्तर म्हणाले. त्यांनी काठी आवळून धरली, होती नव्हती ती ताकद काढली आणि फिरवली. चेंडू जागेवरच राहिला. पाठीत काहीतरी कटकन बोललं आणि मास्तर गवतावर आडवे झाले.

"अरे मास्तर! चेंडू मारायचा असतो, आपण मरायचं नसतं." डॉक्टर हसत जवळ आले. उजव्या हातात काठी होती, म्हणून त्यांनी डावा पुढे केला. "ऊठ."

मास्तरांनी तो धरला. पण त्या हाताने मास्तरांना धरलं नाही. बोटं नुसतीच टेकली आणि निसटली. डॉक्टरांनी पुन्हा दिला, पुन्हा निसटली.

"हात ओले आहेत रे," डॉक्टर म्हणाले आणि काठी टाकून त्यांनी उजवा हात दिला.

हात कोरडे ठणठणीत होते. बटणं, चणे, टॉवेल, बंद पडलेला दवाखाना, सगळं मास्तरांच्या डोक्यात एकदम जागेवर बसलं. पाठीपेक्षा भलतीकडेच जास्त दुखलं. इतकी वर्षं लोकांच्या तोंडात बारीक काम केलेला हात, आणि आपण त्याचा व्यायाम जिंकायला चोरला! त्यांना स्वतःची मनस्वी लाज वाटली.

बाईंनी पाठीवर शेक ठेवून विचारलं, "काका, कागदावरचं रोज केलंत ना?"

"केलं. दुसऱ्याच्या."

बाईंनी शेक जरा जास्तच दाबला. मग म्हणाल्या, "आता स्वतःचा व्यायाम करा."

मास्तरांनी केला. गुडघे डावीकडे, गुडघे उजवीकडे. बायको त्यांना ओलांडून कपडे वाळत घालायला जायची. दोन महिन्यांनी ते पुन्हा मैदानात आले, तेव्हा कंबर गपगुमान वळत होती आणि अर्धा फटका पूर्वीच्या पूर्ण फटक्याइतका जात होता. तरी हरले, तेही खरोखर. आधीच्या हरण्यापायी डॉक्टरांची गाडी त्या दिवशी त्यांच्याकडेच होती. कुरकुरणाऱ्या चाकात त्यांनी घरून आणलेलं तेल घातलं होतं.

आंघोळीनंतर डॉक्टर कपडे बदलायच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून उभे होते. उजव्या बाहीचं बटण डाव्या हाताने लावायला बघत होते. बराच वेळ.

"हल्ली काजंच लहान ठेवतात मेले," ते भिंतीला म्हणाले.

"आण इकडे."

मास्तरांनी बाही हातात घेतली, डोळे मिटले आणि नुसत्या डाव्या हाताने बटण एका दमात लावलं.

"डोळे कशाला मिटलेस?"

"व्यायाम आहे माझा."

"बाई असला व्यायाम देतात?"

"ज्याला त्याला वेगळा देतात."

डॉक्टरांनी शेजारचा वाहता नळ बंद केला. मग त्यांनी हनुवटी किंचित वर केली.

"गळ्याचंही राहिलंय," ते म्हणाले.

मास्तरांनी डोळे न उघडता हात पुढे केला.