स्टेशनचं दुसरं दार

कोल्हापूरला रूळ संपतात. गाडी पुढे जातच नाही, त्यामुळे आलेल्याला उतरावं लागतं, आणि उतरला की दगडी कमानीखालूनच बाहेर पडावं लागतं. संस्थानाच्या काळात बांधणाऱ्यांनी काळा दगड चुन्यात असा बसवला की सव्वाशे वर्षांत कमान हलली नाही. दार मात्र एकच ठेवलं. माझ्या आईने, तानूबाईने, त्या एका दारावर तीन वर्षं काढली.

संध्याकाळच्या गाडीला ती रोज कमानीखालच्या पायरीवर बसायची, माझा धाकटा भाऊ सूरज येईल म्हणून. पन्हाळ्याच्या घाटात त्याची मोटारसायकल घसरली, मागे बसलेले आमचे दादा, म्हणजे वडील, जागीच गेले आणि त्याला साधं खरचटलंही नाही. दादांच्या जलदान विधीला, भरल्या माणसांत आई त्याला म्हणाली, "तू कशाला वाचलास?" दुसऱ्या दिवशी तो गाडीत बसून गेला. नंबरही बदलला. तेवढा एक शब्द मागे घ्यायला आई बसायची. मला तिचा राग यायचा, त्याचाही यायचा, आणि सगळ्यात जास्त त्या थंडगार दगडाचा. तिचे गुडघे त्यानेच धरले.

यंदा स्टेशन नवं झालं. काचा, सरकता जिना, पूल आणि रुळांच्या पलीकडे दुसरं दार. उद्घाटनाला लोक सेल्फी काढत होते आणि आई रडकुंडीला आली होती.

"दोन दारं कशाला पायजेत ह्यास्नी? निशा, आता मी कुठं कुठं बघू गं?"

"मी बसतो की मागं," मी म्हटलं. चिडूनच म्हटलं.

पहिले काही दिवस मी नव्या बाकावर बसून मोबाईल बघितला. मग माझीही नजर चेहरे शोधायला लागली. या रोगाची लागण होते.

दादांच्या स्मृतिदिनाला तो आला. गालफडं बसलेली, दाढी वाढलेली. मला बघून थबकला.

"सूरज! आई पुढल्या दारात बसलीया. चल."

"ठावं हाय. म्हणून तर हिकडनं आलो. एकच दार हुतं तवा दोनदा आलतो. लांबनं तिला बघितलं आन त्याच गाडीनं माघारी गेलो."

"आरं, बोललेलं मागं घ्यायला बसलीया ती!"

"खरं बोलली हुती. खरं कसं मागं घेणार?"

घाटात दादा गेले त्या जागेवर फुलं ठेवून तो सकाळच्या गाडीने जाणार होता. मी त्याचा हात घट्ट धरला. त्याने तो हळूच सोडवला.

"तिला सांगितलंस तर परत कवाच येणार न्हाय," म्हणाला आणि रिक्षात बसला.

मी तिथेच उभी राहून रडले. मग तोंड धुऊन पूल ओलांडला. प्लॅटफॉर्म रिकामा झाला होता. कमानीखाली आई एकटीच होती.

"आला का गं?"

"न्हाय."

"उद्या मी मागं बसतो. तू हितं बस. बदलून तर बघू."

मी तिच्याकडे बघितलं नाही.

"नगं, आई. मागनं कोणबी येत न्हाय. तू हितंच बस."

"बरं," ती म्हणाली आणि गुडघ्यावर हात टेकून उठली.