परतणाऱ्याला गार पाणी

तांब्याचा एक बंब, न पेटवलेला.

दोरीवर वाळत घातलेला पांढरा झगा. वाळला, पण नंतर तो कुणी अंगात घातला नाही.

गवंड्याची थापी, मुठीला सुतळी गुंडाळलेली.

"खरा होता," असं ठामपणे म्हणालेली एक बाई.

हललेली हनुवटी.

मित्रांनो, या गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, असं तुम्हाला वाटेल. संबंध आहे. सगळ्या माझ्याच काठावर घडल्या. मी एक जुना हौद आहे. तुम्ही प्रार्थनामंदिरात आला असाल तरी मला पाहिलं नसेल, कारण मी व्यासपीठाखाली फळ्यांनी झाकलेला असतो. पाळकसाहेब माझ्या डोक्यावर उभे राहून उपदेश करतात. त्यांचे बूट टाचेकडे किती झिजलेत ते मंडळीत फक्त मला माहीत आहे.

मला एका तरुण गवंड्याने बांधलं. एकट्यानेच. माझ्या पायऱ्या त्याने मुद्दाम रुंद ठेवल्या, म्हाताऱ्यांचे पाय लटपटतात म्हणून. भिंतीत हाताला लागेल अशी लोखंडी कडी बसवली. आतून मला इतका घोटला, की तेव्हाचे पाळकसाहेब म्हणाले, "अरे, आरसा करतोस की हौद?" तो म्हणाला, "माणूस धुवायचाय ना साहेब. भांडं खरखरीत कसं चालेल?"

या मंडळीत माणूस मोठा झाल्यावर स्वतःच्या तोंडाने "होय" म्हणतो आणि मग त्याला पाण्यात पूर्ण बुडवून बाप्तिस्मा देतात. माझ्यात सगळ्यात आधी उतरला तो हाच गवंडी. त्या दिवशी पाणी कोमट होतं. वर आला तेव्हा तो रडत होता. काठावर एक मुलगी टॉवेल धरून उभी होती. पुढे तिच्याशीच त्याचं लग्न झालं.

मग माझे कौतुकाचे दिवस आले. किती माणसं बुडाली आणि गात गात बाहेर पडली! लोक मला 'तारणाचा हौद' म्हणत; तारण म्हणजे पापातून सुटका आणि देवाघरी जागा. मीही फुगलो होतो, खोटं कशाला बोलू?

पण मित्रांनो, इथला एक नियम तुम्हाला सांगायलाच हवा. पहिल्यांदा उतरणाऱ्यासाठी बंब पेटवून पाणी कोमट करायचं. जो विश्वास सोडून गेला आणि परत आला, त्याला पुन्हा बुडवायचं, पण गार पाण्यात. पूर्वीच्या कुणा पाळकांनी हे ठरवलं होतं. घर सोडून गेलेल्याला परत येताना थोडं बोचलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. परतणारे बहुधा तरुण असत. त्यांचे दात वाजत, पोरंटोरं हसत, कुणीतरी चहा आणून देई. सर्दीपलीकडे कुणाला काही झालं नाही.

गवंड्याची एकुलती एक मुलगी बाळंतपणात गेली. तिच्या शवपेटीसमोर, सगळ्या मंडळीदेखत, तो पाळकसाहेबांना म्हणाला, "वर कुणी नाही. आणि असलाच कुणी, तर त्याला सांगा, तुझ्या घरी मला यायचं नाही." मला ज्या थापीने बांधलं होतं, ती त्याने एक फळी सारून माझ्या काठावर ठेवली आणि तो निघून गेला. पुन्हा आला नाही. त्याची बायको मात्र येत राहिली. मला घासायचं काम तिने स्वतःकडे घेतलं होतं. नारळाच्या शेंडीने ती कोपरे घासायची आणि माझ्याशी नाही, पण माझ्यात तोंड घालून बोलायची. "मी तिकडे एकटीच जाऊन काय करू रे देवा? मला तर यांच्याशिवाय शेजारच्या गल्लीतही करमत नाही."

मग गवंड्याची छाती भरली. सिमेंटची धूळ आत बसली होती म्हणे. आधी दम गेला, मग आवाज. बायकोने त्याचा हात हातात घेऊन विचारलं, "अहो, माझ्यासाठी एकदा उतराल का?" त्याने तिच्या बोटांवर दोनदा थापटलं. हे तिनेच कोपरे घासताना बोलून दाखवलं. सांगताना हसत होती.

त्याला खुर्चीवर बसवून आणलं. अंगात पातळ पांढरा झगा. फळ्या उचलल्या. थंडीचे दिवस होते. आणि तिथेच वाद सुरू झाला.

मंडळीत पाळकसाहेबांच्या खालोखाल मान होता तो एका घड्याळजीचा. त्याला सगळे 'वडील' म्हणत. तो म्हणाला, "बंब पेटवा."

"परतीचा बाप्तिस्मा आहे," पाळकसाहेब म्हणाले. "गार पाणी."

"परतीचा कसा? खरं तारण झालं की ते जात नाही. देवाच्या हातातून माणूस निसटत नाही, साहेब."

"मग हा निसटला तो?"

"निसटला नाही. हातात कधी नव्हताच. पहिला बाप्तिस्मा खोटा. म्हणजे आज पहिला. म्हणजे कोमट."

"वा! तीस-चाळीस वर्षं प्रभुभोजन घेतलं, आमच्या मांडीला मांडी लावून बसला, तो खोटा? त्याच्याकडे होतं, त्याने ते फेकून दिलं. माणूस तारण गमावू शकतो, म्हणून तर आपण दर रविवारी घसा कोरडा करतो!"

"तुमचा घसा कोरडा होतो, त्याला देव काय करणार?"

मागच्या बाकावर हशा पिकला. गवंड्याचे ओठ निळे पडत चालले होते. त्याची बहीण खुर्चीमागे शाल धरून उभी होती. ती वहिनीच्या कानाशी लागली. "जाईल गं स्वर्गात, इतकी काय घाबरतेस? ना मुकुट, ना मान. मागच्या दाराने घेतील."

"चालेल, वन्सं. मागच्या दारात मी उभी राहीन यांच्याबरोबर."

"तुला कोण उभं राहू देतंय! तुला पुढची खुर्ची. इतकी वर्षं हौद घासलास, वाया जाईल होय?"

वाद मिटेना. शेवटी पाळकसाहेब वैतागून बायकोकडे वळले. "बाई, तुम्हीच सांगा. यांचा पहिला बाप्तिस्मा खरा होता की खोटा?"

मित्रांनो, नीट लक्ष द्या. 'खोटा' म्हटलं असतं तर बंब पेटला असता. पण मग तिचा सगळा संसार एका खोट्यावर उभा राहिला असता. टॉवेल धरून उभी असताना पाहिलेला तो रडणारा चेहरासुद्धा. ती नवऱ्याकडे बघत होती. तिने नणंदेकडेही एकदा पाहिलं. नणंद शालीची घडी घालत होती.

"खरा होता," बायको म्हणाली. "मी डोळ्यांनी पाहिलंय."

"ऐकलंत?" पाळकसाहेब घड्याळजीला म्हणाले आणि बाह्या वर करू लागले.

दोघांनी त्याला उचलून आणलं. रुंद पायऱ्यांची गरजच पडली नाही. कडी धरायला त्याने हात लांब केला, पण बोटं मिटेनात. "विश्वास आहे का?" असं विचारतात आणि "होय" हे मागच्या बाकापर्यंत ऐकू जावं लागतं. त्याला आवाज नव्हता. त्याची हनुवटी हलली. वर, खाली. मग त्याला बुडवलं.

चौथ्या दिवशी तो गेला.

तेव्हापासून मंडळीत नवा वाद सुरू आहे. घड्याळजी म्हणतो, तो होकार होता. पाळकसाहेब म्हणतात, हुडहुडी होती, "होय" काही ऐकू आलं नाही. मला विचाराल, तर मला फक्त पाणी हलल्याचं कळलं. पाणी होकारानेही हलतं आणि हुडहुडीनेही.

बायको दर रविवारी दारात उभी राहते. "साहेब, काय ठरलं यांचं?"

"विचार चालू आहे, बाई."

एकदा तिने विचारलं, "मला तिकडे जे काही प्रतिफळ मिळायचं असेल, ते यांच्या नावावर करता येईल का?"

पाळकसाहेब हसले. वाईट हसले नाहीत. "असं बदली होत नाही हो ते. आणि फार विचार करू नका. शंका घेऊन घेऊन माणूस स्वतःचंही गमावतो."

त्या दिवसापासून तिने विचारणं बंद केलं. मला घासायलाही ती येत नाही. पाळकसाहेब म्हणतात, बघा, तीही निसटायला लागली. घड्याळजी म्हणतो, हातात होती कधी? एका गोष्टीवर मात्र दोघांचं एकमत आहे: ती परत आली तर पाण्याचं आधीच ठरवून ठेवायला हवं.

माझ्या कोपऱ्यात आता शेवाळ धरलंय. एका बाजूने तडा गेला आहे. गवंडी असता तर त्याने एका दुपारीत बुजवला असता.

मित्रांनो, आत्मवृत्ताच्या शेवटी काहीतरी मागायचं असतं. मी हौद आहे, मला दया वगैरे काही नाही, सिमेंटला ती नसते. तुम्हाला असेल असं मी ऐकून आहे. तेव्हा एवढंच करा. माणूस झग्यात कुडकुडत असेल, तर आधी बंब पेटवा. तो कितव्यांदा आलाय ते पाणी तापेपर्यंत ठरवत बसा.

माझं प्लास्टर अजून ओलं होतं तेव्हा गवंड्याची बहीण त्याचा डबा घेऊन आली होती, आणि तो तिला म्हणाला होता, "मला देवाबिवाचं काही कळत नाही गं. ती मंडळीबाहेर लग्न करणार नाही म्हणते, म्हणून उतरतोय."